जुन्या मोटारीचा भरंवसा

नव्या मोटारीवर कोणीहि विश्वास ठेवील. कसोटी लागते ती झीज सुरू झाल्यावर. १९०७ सालीं ‘रोल्स-रॉइस’नें आपली ‘सिल्व्हर घोस्ट’ ही आलिशान गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं लंडन-ग्लासगो मार्गावर वारंवार धांवविली. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्यानें मिटून ती थांबली; पुढील १४,३७१ मैल यंत्रानें दगा दिला नाहीं. परंतु तेवढ्यावर कोणी समाधान मानलें नाहीं. भाग सुटे करून झीज मोजण्यांत आली. गाडी पूर्ववत् करण्याचा खर्च निघाला अवघा २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स! १९४८ सालीं, एकेचाळीस वर्षांची झालेली तीच गाडी कंपनीनें परत घेतली. विश्वास नांवलौकिकानें नव्हे, अशा उघड्या तपासणीनें जडतो.