वरठीची मालगाडी आणि आफ्रिकेचा नकाशा

आमच्या वरठीच्या स्टेशनचे नाव भंडारा रोड. उर्दू माध्यमाच्या वर्गात मी आफ्रिकेतील वसाहतवाद शिकवत होतो, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, रेल तो अंग्रेज ही लाए ना?" सवाल रास्त होता. पण जवाब द्यायला मला आफ्रिका सोडून आधी आपल्याच जिल्ह्यात यावे लागले.

१८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले. वारस नसणे हे निमित्त; इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा आहे, हे त्याने आपल्या टिपणात लपवलेसुद्धा नाही. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. पुढे नागपूर-छत्तीसगड रेल्वे आपल्या भागातून गेली. बंगाल-नागपूर कंपनीने ती ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये आसनसोलला जोडली.

मग नजर गेली जमिनीखाली. पोलादाला मँगनीज लागते आणि ते आपल्या तुमसर तालुक्यात, चिखला व डोंगरी बुजुर्गला, भरपूर. भट्ट्या मात्र युरोपात. त्यामुळे दगड इथला, घाम इथला आणि पोलादाचा नफा तिकडचा.

आता आफ्रिका. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत चौदा देश बसले, त्यांत आफ्रिकेचा एकही नव्हता. लोभ हे कारण सांगून भागत नाही, लोभ तर जुनाच होता. नवी होती ती क्विनाइन, आगबोट आणि मॅक्सिम बंदूक. शिवाय कारखान्यांची भूक. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया एवढेच स्वतंत्र उरले. त्याच वर्षी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, न्सुटा येथे मँगनीज सापडले. महायुद्धात इंग्रजांना ते हवेच होते. १९१६ मध्ये खोदकाम सुरू झाले. सेकोंडी बंदराकडे जाणारे रूळ जवळच होते.

ही रेल्वे बांधणारे हातही कधी कधी आपलेच असत. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणाऱ्या युगांडा रेल्वेसाठी १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले गेले. बहुतेक पंजाबचे, त्यांत मुसलमान पुष्कळ. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. पुढे तिथल्या हिंदी लोकांना इंग्रजांनी गोरे आणि काळे यांच्या मधल्या पायरीवर बसवले. दुकानदारी यांच्या हाती, राग यांच्यावर. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले. अमीन मुसलमान होता. हाकललेल्यांतही मुसलमान होते. हे मुलांना सांगताना मी अडखळतो, पण सांगतो.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. आपल्या खाणी १९६२ मध्ये मॉइलकडे आल्या, तरी ४९ टक्के वाटा ब्रिटिश कंपनीचाच होता. १९७७ मध्ये तोही सरकारकडे आला. आज वरठीतच सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे.

त्या मुलाला मी पश्चिम आफ्रिकेचा रेल्वे नकाशा दिला. गोल्ड कोस्ट इंग्रजांचा, शेजारचा आयव्हरी कोस्ट फ्रेंचांचा, दोन्हींच्या रुळांची रुंदी वेगळी. तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, सब समंदर को जाती हैं. पड़ोसी के घर एक भी नहीं जाती."