मोशी, मुशी आणि मिनामाता

देशावरच्या माणसाने मालवणची बायको केली की घरात एक वाद कायमचा मुक्कामाला येतो. आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये तो बरेच दिवस झोपलेला होता. मग बायकोला चौथा महिना लागला आणि दोन्हीकडून तोफा सुरू झाल्या.

आई म्हणाली, "मासे उष्ण असतात, नकोच ते." सासूबाई फोनवर, "मासो खाल्ल्याशिवाय पोराक अक्कल खंयसून येतली?" बायकोने नेटवर पाहिलं तर तिथे 'किंग मॅकरेल टाळा'. मॅकरेल म्हणजे आपला बांगडा, म्हणून तिने बांगडा सोडला! आता मी पडलो इंजिनीअर. बग कुठून आला हे कळल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून शनिवार-रविवार बसून या भीतीचा इतिहास खणून काढला.

तर मंडळी, ही भीती सुरू होते जपानमध्ये. मिनामाता हे समुद्रकाठचं छोटं गाव. तिथला चिस्सो नावाचा रसायनांचा कारखाना आपलं सांडपाणी खाडीत सोडत होता. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. १ मे १९५६ ला कारखान्याच्याच इस्पितळातून या विचित्र रोगाची अधिकृत नोंद झाली. सांडपाण्यातला पारा मिथाइल मर्क्युरीच्या रूपात माशांत गेला होता आणि माशांतून माणसांत.

त्याच सुमारास तिथे जन्मणारी काही बाळं जन्मतःच अपंग होती. गंमत म्हणा की क्रौर्य, त्यांच्या आयांना फारसा त्रास नव्हता. वार बाळाला विषापासून वाचवते, असा तेव्हाच्या वैद्यकशास्त्राचा समज होता. इथे तर आईच्या अंगातलं विष वार ओलांडून बाळाच्या मेंदूत जात होतं! १९६२ मध्ये या मुलांचा आजारही मिनामाताच आहे हे मान्य झालं. पुढे मासाझुमी हाराडा या डॉक्टरांना पुरावा सापडला तो घराघरांत. आपल्याकडे नाळ पुरतात, जपानमध्ये ती वाळवून डबीत जपून ठेवायची पद्धत आहे. त्या जुन्या नाळा तपासल्या, तर त्यांत पारा निघाला. सरकारने मात्र कारखान्याचा दोष अधिकृतपणे मान्य केला तो १९६८ मध्ये. म्हणजे नोंद झाल्यावर तब्बल १२ वर्षांनी.

आता अमेरिका. २००१ मध्ये तिथल्या एफडीएने गरोदर बायकांना चार मासे टाळायला सांगितले: शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल आणि टाइलफिश. कारण साधं आहे. लहान मासा थोडा पारा गिळतो, मोठा मासा असे हजारो लहान मासे गिळतो आणि वर्षानुवर्षं जगतो. पारा साठत जातो. पण लोकांनी यादी वाचली कुठे? 'मासे धोक्याचे' एवढंच डोक्यात राहिलं आणि तिथल्या गरोदर बायकांनी एकूण मासेच कमी केले.

मग २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिस्टल भागातल्या ११,८७५ गरोदर स्त्रियांचा अभ्यास आला. ज्यांनी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाल्ले, त्यांची मुलं भाषिक बुद्धीच्या चाचणीत मागे पडण्याचं प्रमाण जास्त निघालं. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, हे मान्य. पण माशातलं ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला लागतं हेही खरं. शेवटी २०१४ च्या मसुद्यात अमेरिकेने पहिल्यांदा किमान आकडा सांगितला: कमी पारा असलेले मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खा. म्हणजे 'टाळा'पासून 'खा' पर्यंत यायला १३ वर्षं लागली.

सासूबाई जिंकल्या? थांबा. यादीतला शार्क म्हणजे आपली मुशी, मालवणात मोरी. आणि बाळंतपणात मोरी खाऊ घालायचा बेत सासूबाईंनी आधीच आखून ठेवलाय! अंगावर पाजणाऱ्या आईलाही तोच सल्ला आहे, म्हणून तो बेत रद्द. किंग मॅकरेल हा सुरमईच्या कुळातला, म्हणून मोठी सुरमईही सध्या बाजूला. बांगडा मात्र वेगळाच मासा, लहान आणि कमी आयुष्याचा. नुसत्या 'मॅकरेल' या नावामुळे बिचारा बदनाम झाला.

आता आईची बाजू. न खाण्यालाही किंमत असते, आणि हे आपल्या पुण्याजवळच दिसलंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. ६० टक्क्यांहून जास्त जणींत बी-१२ कमी निघालं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिन रेझिस्टन्स सगळ्यांत जास्त दिसला. बी-१२ मिळतं मासे, अंडी, दुधातून. याचा अर्थ माळकरी घरातल्या बाईने मासे खावेत असा नाही. दूध आहे, तपासणी आहे, डॉक्टरांची गोळी आहे. पण 'काही खाल्लं नाही म्हणजे काही धोका नाही' हे गणित चुकीचं आहे.

असो. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून तह झाला: आठवड्यातून दोनदा तारली, बांगडा किंवा कोळंबी, ताजी आणि नीट शिजवलेली. कच्चं काही नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. मिनामाताच्या बायका आपल्याच दारातल्या खाडीचे मासे खात होत्या. पाण्यात काय सोडलंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपण मोशी-चाकणचे लोक कारखान्यांवर जगतो आणि आळंदीला इंद्रायणी फेसाळल्याच्या बातम्या चहासोबत वाचून पान उलटतो. मासा उष्ण की थंड यावर भांडणारं आमचं घर पाण्याबद्दल कधीच भांडलं नव्हतं.

काल आईने स्वतःहून विचारलं, "आजचा मासा लहानातलाच आहे ना?" ती स्वतः खाणार नाहीच. पण प्रश्न अगदी बरोबर विचारला!