हाडोळ्याचा धनी

आमचा आजा गेल्या माघात गेला. वय नव्वदीच्या आसपास; जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. नोंद होती ती जमिनीची. महार वतनाचा हाडोळा, दीड एकर मुरमाड.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वतन मला पुस्तकांतून कळलं, त्याला पाठीवरून. सांगावे पोचवायचे, सरकारी माणसांपुढं धावायचं, मेलेलं जनावर ओढायचं. त्याबदल्यात हा तुकडा, त्यावरही जुडी! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचं विधेयक मांडलं. पण पुढंही आज्याच्या बापाला धास्ती होती, की बेडी तुटताना भुईही जाईल. या धास्तीला अडाणीपणा म्हणणारे आमच्यातही आहेत. मी म्हणत नाही. पोटाला दुसरा आधार होता कुठं?

१९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं संपली. कब्जेहक्काची रक्कम भरली की जमीन नवीन शर्तीवर परत मिळे. आज्यानं शेळ्या विकून ती भरली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तो तुरुंगात गेला. स्वतःला भुई होती, तरी गेला. जोंधळा मात्र आजीनं एकटीनं काढला. हे कुठल्या इतिहासात येतं?

वारसनोंदीसाठी सातबारा काढला. त्यावर अजून ‘महार वतन’, आणि परवानगीशिवाय विकण्यास मनाई.

चुलते म्हणाले, “मास्तर, ही जात आता तरी खोडता यील का?”

मी अडलो. त्याच मनाईमुळं तो तुकडा सावकाराच्या घशात गेला नव्हता.