शुभ आणि लाभ

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या नाशकातील पेढ्यांवर नव्या चोपड्यांची पूजा होते व पहिल्या पानावर 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द शेजारीशेजारी लिहिले जातात. पुढे लाभाची नोंद रोज होते. शुभाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावा, हे मात्र कोणी सांगत नाही. तो मांडण्याचा एक प्रयत्न घाटाखाली, वसईस झाला. त्याची हकीकत आम्हांस विचारणीय वाटते.

रोमचे पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. त्यांनी समाजवादाचा निषेध केला आणि खासगी मालकी न्याय्य ठरविली. तथापि मालक व मजूर यांनी राजीखुशीने ठरविलेली मजुरीही अन्यायाची असू शकते, असे त्यांनी धीटपणे सांगितले. काटकसरी व सद्वर्तनी मजुराचा निर्वाह होईल इतके वेतन, हा करारापूर्वीचा न्याय होय. पोटाच्या आगीने वाकलेल्याची राजीखुशी ती कसली! त्याच पत्रात अधाशी व्याजखोरीवर कोरडे ओढले असून श्रमिकांच्या परस्परसाह्य संस्थांची भलावण केली आहे.

वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यास मजुरीहून व्याजाचा प्रश्न जवळचा होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. पण हा मराठी बोलणारा समाज आपल्या बागांत व पानमळ्यांत राहिला. पीक हंगामात येते, नड बारमाही असते, आणि त्या दोहोंमधील अंतरात सावकार उभा असतो. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा मार्ग मोकळा केला होता. १९१८ मध्ये धर्मगुरू पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पापडी येथे अशी संस्था निघाली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. गंमत अशी की, ग्रामीण पतसंस्थांचा मूळ नमुना ज्या जर्मन रायफायझेनचा, तो प्रॉटेस्टंट होता!

आमच्या मते खरे मर्म येथेच आहे. सावकारास उपदेश करणारे पुष्कळ झाले. येथे खतावणीच ऋणकोच्या हाती आली. जो कर्ज घेतो तोच संस्थेचा धनी. भाग कितीही असोत, मत एकच. शिवाय, रविवारी ज्याच्या शेजारी गुडघे टेकावयाचे, त्याची ठेव बुडविण्यास मन सहसा धजत नाही.

पण काळ पालटला. मुंबई वसईपर्यंत पसरली आणि शेत कर्जापायी नव्हे, चांगल्या भावापायी जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'च्या चळवळीत उतरले, तेव्हा समोर सावकार नव्हता. विकणारा व घेणारा दोघेही राजी होते. विहिरींचे पाणी आणि पुढची पिढी यांस मात्र त्या करारात कोणी विचारले नव्हते. लिओंनी मजुरीविषयी काढलेली शंका येथे जमिनीविषयी पुन्हा उभी राहते.

आमच्या गंगापूर रस्त्याकडेच्या मळ्यांवर इमारती उठल्या, तेव्हाही दोन्ही पक्ष राजीच होते.