पिंपरीचे पेनिसिलिन आणि चिवट जिवाणू
पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मोठ्या टाक्यांत निर्जंतुक हवा सोडून बुरशी वाढवली जाई. तिच्यापासून मिळालेली पेनिसिलिनची पांढरी भुकटी छोट्या कुप्यांतून रुग्णालयांत पोहोचे. पण पेनिसिलिन निकामी करणारे विकर जिवाणूंमध्ये १९४० मध्येच आढळले होते. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिन या प्रतिजैविकालाही दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंची नोंद झाली. अशा जिवाणूंवरचे वोक्हार्ट कंपनीचे लेव्होनाडिफ्लॉक्सासिन हे औषध भारतात २०२० मध्ये मंजूर झाले. त्याआधी, २०१४ पासून, अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे औषध दुकानांना बंधनकारक झाले. तरीही रुग्णालयातला पहिला बचाव आजही एकच आहे: प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी स्वच्छ धुतलेले हात.