मेक्सिकोतले अमेरिकन आणि परवान्याचा इतिहास



परदेशात जाऊन राहणाऱ्या माणसाला कोणत्या नावाने ओळखावयाचे, हे तो कोणत्या देशातून आला यावर ठरते, असा जगाचा रिवाज दिसतो. मेक्सिकोतला मजूर परवान्याशिवाय अमेरिकेत शिरला की त्याला बेकायदा घुसखोर म्हणतात. अमेरिकेतला एखादा निवृत्त कारकून परवान्याची मुदत संपल्यावरही मेक्सिकोत राहिला, तर त्याला परदेशस्थ अमेरिकन म्हणतात. नदी तीच, पूल तोच. फक्त चालण्याची दिशा बदलली.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले. कामगार संघटनेच्या कामात कागदाशी रोजचा संबंध येतो. नेमणुकीचा कागद नाही म्हणून वीस वर्षे राबलेला माणूस कोर्टात 'कामगारच नव्हे' ठरतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून कागद कोणाला विचारला जातो आणि कोणाला विचारला जात नाही, हा प्रश्न आम्हांला इतिहासातही सतावतो. या सरहद्दीचा इतिहास बहुधा उत्तरेकडे जाणाऱ्या मेक्सिकन माणसाचा म्हणून सांगतात. आज आपण तो दक्षिणेकडे येणाऱ्या अमेरिकनांचा म्हणून पाहू.

मेक्सिको १८२१ साली स्पेनपासून स्वतंत्र झाला. टेक्सास हा त्याचा उत्तरेचा प्रांत विस्तीर्ण होता, पण वस्ती तुरळक. मोझेस ऑस्टिन नावाच्या अमेरिकनाने त्याच वर्षी तेथे वसाहत करण्याची परवानगी मिळवली होती. तो वारला आणि काम मुलाने, स्टीफन ऑस्टिनने, पुढे चालवले. मेक्सिकोच्या सरकारने १८२४ साली वसाहतीचा कायदा केला व १८२५ साली प्रांतिक सरकारने त्याचे नियम ठरवले. गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला सुमारे ४,४०० एकर जमीन, तीही नाममात्र शुल्कात, देण्यात येई. अमेरिकेत त्या वेळी सरकारी जमिनीला एकरी सव्वा डॉलर रोख मोजावा लागे. म्हणजे हे लोक गेले ते भाकरीच्या आणि जमिनीच्या शोधात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत आला तोही याच कारणाने.

यजमानाच्या अटी अवघड नव्हत्या. मेक्सिकोच्या राज्यघटनेची शपथ घ्यावी, कॅथॉलिक पंथ मानावा, चालचलणूक चांगली ठेवावी. शपथ सर्वांनी घेतली. पंथाची अट बहुतेकांनी नावापुरती पाळली. पाद्रीच मिळत नव्हते, त्यामुळे तपासणीही होत नव्हती. खरा तिढा गुलामीचा होता. कापसाची शेती करणारे हे वसाहतवाले दक्षिणेतून गुलाम घेऊन येत, आणि १८२७ च्या प्रांतिक घटनेने नव्या गुलामांची आयात बंद केली. त्यावर या मंडळींनी एक युक्ती काढली. सरहद्द ओलांडण्यापूर्वी गुलामाकडून चाकरीचा करार लिहून घ्यावयाचा, अनेकदा ९९ वर्षांच्या मुदतीचा. मजुरी कागदावर दाखवावयाची आणि त्याच मजुरीतून त्याने स्वतःची किंमत, कपडा व अन्न फेडावयाचे. फिटणार कधी? कधीच नाही. परदेशात झालेले करार ग्राह्य धरावेत असा ठराव १८२८ साली प्रांतिक विधिमंडळाने करून दिला आणि युक्तीला कायद्याचे छत्र मिळाले. श्रोतेहो, ठेकेदाराच्या खोट्या हजेरीपटाचा हा पूर्वज आहे. अध्यक्ष ग्वेरेरो यांनी १८२९ साली देशभर गुलामी रद्द केली तेव्हाही टेक्सासच्या वसाहतवाल्यांनी रदबदली करून काही आठवड्यांतच आपल्यापुरती सूट मिळवली.

सरकारने १८२७ साली जनरल मान्वेल मिएर इ तेरान यांना पाहणीसाठी धाडले. हा मोठा अभ्यासू सेनानी होता. सान अंतोनियोहून नाकोगडोचेसकडे जाताना मेक्सिकोचा ठसा पावलोपावली पुसट होत जातो आणि शेवटी जवळजवळ नाहीसा होतो, असे त्याने कळवले. त्याच्या इशाऱ्यावरून ६ एप्रिल १८३० रोजी कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमाने अमेरिकेतून येणाऱ्या नव्या वसाहतवाल्यांना सरहद्दीवरच्या प्रांतांत बंदी केली.

पुढे काय झाले? लोक येतच राहिले. सॅबिन नदीवर पहारा पुरेसा नव्हता आणि नदीपलीकडे कायद्याला कोणी जुमानत नव्हते. अलामोच्या लढाईत मेलेला व टेक्सासचा हुतात्मा म्हणून गौरवलेला विल्यम ट्रॅव्हिस बंदीनंतर १८३१ साली आला. पुढे टेक्सासचा अध्यक्ष झालेला सॅम ह्यूस्टन १८३२ च्या अखेरीस आला. आजची भाषा वापरावयाची तर हे दोघे बेकायदा स्थलांतरित होते. तेरानने निराश होऊन १८३२ च्या जुलैत आपल्याच तलवारीने जीवन संपवले. पुढच्या वर्षी बंदीचे कलम रद्द करण्यात आले, पण तोवर कायद्याचा धाक उरला नव्हता. १८३६ च्या मार्चमध्ये टेक्सासने स्वातंत्र्य पुकारले, १८४५ साली अमेरिकेने त्याला सामील करून घेतले, युद्ध झाले, आणि १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो येथील तहापर्यंत मेक्सिकोने निम्म्याहून अधिक मुलूख गमावलेला होता.

न्यायाने बोलावयाचे तर सारा दोष पाहुण्यांवर टाकता येत नाही. सांता आना याने प्रांतांचे अधिकार हिरावून घेतले, त्याविरुद्ध टेक्सासमधले स्पॅनिशभाषी मेक्सिकनही उठले होते. परंतु मेक्सिकोच्या मनात जी खूणगाठ बसली ती अशी: ज्याच्या पाठीशी बलाढ्य सरकार उभे आहे, असा पाहुणा घरात घेताना घराचे नियम आधी लिहून ठेवावेत.

हे नियम लिहिले गेले १९१७ साली. पण त्याआधी आणखी एक धडा मिळावयाचा होता. पोर्फिरियो दियास यांच्या दीर्घ राजवटीत रेल्वे, खाणी व तेल यांत अमेरिकन भांडवल ओतले गेले. सोनोरा प्रांतात कानानेआ येथे विल्यम ग्रीन नावाच्या अमेरिकनाची तांब्याची खाण होती. एकाच खाणीत काम करणाऱ्या मेक्सिकन माणसाला अमेरिकनापेक्षा कमी मजुरी मिळे, आणि वरच्या जागा अमेरिकनांसाठी राखलेल्या असत. स्वतःच्या देशात परक्याहून हलका ठरलेला तो कामगार १ जून १९०६ रोजी संपावर गेला. मागण्या काय होत्या? पाच पेसो रोज, आठ तासांचा दिवस, आणि कामगारांत किमान पंचाहत्तर टक्के मेक्सिकन. संप चिघळला, गोळीबार झाला. तेव्हा सरहद्दीपलीकडच्या बिसबी गावातून अडीचशेहून अधिक सशस्त्र अमेरिकन, अॅरिझोनाच्या रेंजर दलाच्या कप्तानाच्या हाताखाली, मेक्सिकोत आले. परकी फौज देशात घेतल्याचा ठपका येऊ नये म्हणून सोनोराच्या गव्हर्नराने त्यांना मेक्सिकोचे स्वयंसेवक म्हणून शपथ देऊन आत घेतले! मालकाच्या रक्षणासाठी परवाना एका घटकेत मिळतो, एवढे यावरून दिसते. वीसाहून अधिक माणसे मेली आणि संप मोडला.

पण मागण्या मोडल्या नाहीत. क्रांती झाली, आणि ५ फेब्रुवारी १९१७ रोजी केरेतारो येथे जी राज्यघटना जाहीर झाली तिच्या १२३ व्या कलमात आठ तासांचा दिवस व संपाचा हक्क आला. त्याच कलमात समान कामाला समान वेतन, लिंग वा राष्ट्रीयत्व न पाहता, हे तत्त्वही आले. कानानेआच्या खाणीत सांडलेले रक्त या ओळीत उतरले आहे, असे आम्ही मानतो.

परकीयांविषयी दोन कलमे मुद्दाम ध्यानात घ्यावयास हवीत. २७ वे कलम सांगते की परकीयाला जमीन हवी असेल तर त्या जमिनीपुरते त्याने स्वतःला मेक्सिकन समजावे आणि आपल्या सरकारकडे दाद मागू नये. मागितल्यास जमीन जप्त. सरहद्दीपासून १०० किलोमीटर व समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर पट्ट्यात तर त्याला थेट मालकी मुळीच नाही. आजही किनाऱ्यावर घर घेणाऱ्या अमेरिकनाला बँकेच्या विश्वस्तपणाखाली ते घ्यावे लागते. ३३ वे कलम परकीयाला देशाच्या राजकारणात पडण्यास मनाई करते, आणि नको असलेल्या परकीयाला चौकशीविना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार त्याने राष्ट्राध्यक्षाला दिला. या दुसऱ्या अधिकाराची धार मात्र कामगार संघटकांवरही चालली, हे सांगितले पाहिजे. २०११ सालच्या घटनादुरुस्तीने हकालपट्टीपूर्वी म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती झाली, हे योग्यच झाले.

या घटनेच्या छायेखाली निराळ्या जातीचे अमेरिकनही येऊन राहिले. पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती टाळणारे तरुण मेक्सिको शहरात जमले. त्यांच्याच वर्तुळात १९१७ साली अमेरिकेतून निसटून आलेले मानवेंद्रनाथ रॉय वावरत होते. पुढे मॅकार्थीच्या काळात डाल्टन ट्रंबोसारखे हॉलिवूडमध्ये काम नाकारलेले लेखक तेथे राहिले. आणि १९२४ साली वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आले. गदर चळवळीतला हा माणूस चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मका आणि गव्हावर त्याने काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवले आहे. पाठीशी कोणतेही सरकार नसलेला परकीय यजमानाच्या घरात कसा राहतो, याचे हे उदाहरण आपल्या मातीतले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी वेतनावर अनेक अमेरिकन सान मिगेल दे आयेंदे येथे चित्रकला शिकावयास आले. पेन्शनरांनी चापाला तलावाकाठी घरे केली. हवा चांगली आणि डॉलरला भाव, मग काय हवे? येथून परवान्याविषयीची ती सैल वृत्ती वाढली. पर्यटकाला जास्तीत जास्त १८० दिवस मिळत. मुदत भरत आली की मोटारीने सरहद्दीवर जावे, पलीकडे एक रात्र काढावी, आणि नवा कागद घेऊन परतावे. असे वर्षानुवर्षे पर्यटक राहिलेले रहिवासी झाले. कोणी दंड भरून सुटले, कोणी विसरूनच गेले. आपण पैसे खर्च करतो, कोणाचे काम हिसकावत नाही, मग कागद हवाच कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. वस्तुतः उत्तरेकडे गेलेला मेक्सिकन मजूरही हेच म्हणू शकतो: मी राबतो, तुमचे टोमॅटो तोडतो, मग कागद कशाला? एकाचा युक्तिवाद शेजारी हसून ऐकतात. दुसऱ्याचा पोलिस ऐकत नाहीत.

कायद्यांची तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. परवान्याविना प्रवेश अमेरिकेने १९२९ साली फौजदारी गुन्हा ठरवला आणि तो आजही तसाच आहे. मेक्सिकोतही तुरुंगाची शिक्षा होती. २००८ साली ती काढून तो दंडाचा विषय केला गेला. २०११ च्या स्थलांतर कायद्याने, जो नियमांसह २०१२ च्या नोव्हेंबरात पूर्णपणे अमलात आला, वास्तव्य सोपे करून सांगितले: १८० दिवसांपर्यंत पाहुणा, चार वर्षांपर्यंत तात्पुरता रहिवासी, पुढे कायम रहिवासी. पेन्शनराने उत्पन्नाचा दाखला द्यावा, शुल्क भरावे, झाले. सरहद्दीच्या दुसऱ्या बाजूला मजुराला असा सरळ रस्ता क्वचितच मिळाला. १९४२ ते १९६४ या काळात करारावर मेक्सिकन शेतमजूर नेले गेले खरे. पण त्याच काळात, १९५४ साली, मोठी धरपकड करून असंख्य मेक्सिकनांना परत घालवण्यातही आले.

सांप्रत या इतिहासाला दोन नवी वळणे लागली आहेत. पहिले असे, की मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत जन्मलेले सुमारे आठ लाख लोक नोंदले गेले. हे सारे तलावाकाठचे पेन्शनर असतील असे वाटेल. प्रत्यक्षात त्यांत फार मोठा भाग मुलांचा आहे. मेक्सिकन मजूर परत आले वा परत पाठवले गेले, त्यांची अमेरिकेत जन्मलेली ही लेकरे. शाळेत नाव घालावयाचे तर परदेशी जन्मदाखल्यावर प्रमाणीकरणाचा शिक्का हवा, आणि तो अमेरिकेतूनच आणावा लागे. कित्येक मुले त्यावाचून अडली. २०१५ साली शाळाप्रवेशासाठी ही अट सैल झाली. मेक्सिकोतल्या अमेरिकनांपैकी कागदाने खरे ज्यांना छळले, ती ही मजुरांची पोरे होत.

दुसरे वळण मेक्सिको शहराचे. २०२० नंतर संगणकावर घरबसल्या काम करून डॉलरमध्ये पगार घेणारे अमेरिकन रोमा व कोंदेसा या वस्त्यांत आले, भाडी चढली, जुने भाडेकरू बाहेर पडू लागले. ४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, तेथे मोर्चा निघाला. काही दुकानांच्या काचा फुटल्या. अध्यक्षा क्लाउदिया शेनबॉम यांनी परकीयद्वेषाचा निषेध केला आणि घरभाड्याची तक्रार खरी असल्याचेही मान्य केले. आमचेही मत तेच आहे. परक्या माणसाला 'चालते व्हा' म्हणणारी घोषणा आज अमेरिकनावर गेली, उद्या ती ग्वातेमालाच्या मजुरावर जाईल. भाडे चढवतो तो घरमालक. त्याला आवर घालणारा कायदा मागावा.

यातून आपण काय घ्यावयाचे? माणूस कधी बेकायदा नसतो. बेकायदा असते ती त्याच्या कागदाची स्थिती, आणि ती सरकारच्या एका ठरावाने बदलते. परंतु कागद व्यर्थ आहे असेही आम्ही म्हणणार नाही. ज्याच्यापाशी सत्ता नाही, त्याला नेमणूकपत्र, रेशनकार्ड, रहिवासाचा दाखला हाच आधार असतो. कागदाची थट्टा परवडते ती फक्त बलवानाला. म्हणून सान मिगेलच्या पेन्शनराने आपला परवाना वेळेवर काढावा, आणि तेवढ्याच सोप्या रीतीने टेक्सासच्या शेतातल्या मजुरालाही तो मिळावा. एक माप दोन्ही तीरांवर लावले जाईल, तेव्हाच कायद्याविषयी आदर मागण्याचा अधिकार सरकारांना येईल.