कै. दादासाहेब फाळके यांचा ‘स्वदेशी’ चित्रपट : चार कसोट्या

इतिहाससंशोधकाची दृष्टि सामान्यतः कागद, ताम्रपट आणि शिलालेख यांवर खिळलेली असते. रुमाल सोडावा, अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती हें पाहावें, मित्ती ताडून घ्यावी, हा आमचा नित्याचा उद्योग होय. विसाव्या शतकाच्या आरंभीं मात्र या देशांत साधनांची एक नवी जात उत्पन्न झाली. ती म्हणजे चित्रपटाची फीत. दोनतीनशें वर्षांपूर्वींचा जुन्नरी कागद आजही सुखानें वाचतां येतो. परंतु शंभर वर्षांपूर्वींची फीत बहुधा हातीं येत नाहीं. तिचा मूळ पदार्थ झटकन् पेट घेणारा आणि उष्ण व दमट हवेंत आपोआप कुजून जाणारा. शिवाय तिच्यावरील चांदी काढून घेण्यासाठीं जुन्या फिती मोडींत घालण्याची चाल होती. त्यामुळें ज्या पुरुषानें या देशांत चित्रपटाचा उद्योग उभा केला, त्याच्या कार्याचा निर्णय करतांना फितीपेक्षां कागदाचाच आधार अधिक घ्यावा लागतो.

तो पुरुष म्हणजे कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. ‘नवयुग’ मासिकांत १९१७-१८ सालीं त्यांनीं भारतीय चित्रपटांविषयीं जी लेखमाला लिहिली, ती या विषयांतील अव्वल दर्जाचें साधन होय. कारण कर्त्यानें स्वतः, गोष्टी ताज्या असतां, लिहिलेली ती कैफियत आहे. तींत ते आपल्या चित्रांस स्वदेशी म्हणतात आणि त्या शब्दाची फोडही करतात. मालकी, भांडवल, काम करणारीं माणसें आणि कथानकें हीं चारही येथलीं, म्हणून चित्रें स्वदेशी, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ आहे. लोकांत या चारांपैकीं कथानकाचीच आठवण राहिली आहे. फाळके म्हणजे पुराणांतील देव पडद्यावर आणणारे, एवढेंच बहुतेक सांगतात. आमचें म्हणणें असें कीं, फाळके यांचा स्वदेशीपणा प्रथम उद्योगाचा होता, विषयाचा मागाहून. आणि त्यांच्या आयुष्यांतील कष्टांचा उगमही उद्योगाच्याच बाजूस आहे. या चार कसोट्या त्यांच्याच चरित्रास लावून पाहिल्या असतां हें स्पष्ट होईल.

[१] पूर्ववृत्त. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. वडील संस्कृतज्ञ शास्त्री. १८८५ सालीं मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला; परंतु प्लेगांत पत्नी व अपत्य गेल्यामुळें तो मोडला. त्यानंतर कांहीं काळ ते सरकारच्या पुराणवस्तु-खात्यांत छायाचित्रें व नकाशे काढण्याच्या कामावर होते, म्हणजे ते एके काळीं आमच्याच क्षेत्रांतले होते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळींत त्यांनीं ती नोकरी सोडली आणि लोणावळ्यास खोदकामाचा व छपाईचा कारखाना काढला. तो पुढें दादरला आला. रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना भरभराटीस येत असतां भागीदारांशीं मतभेद झाला आणि फाळके हात झटकून बाहेर पडले. हा प्रसंग पुढील सर्व चरित्राची नांदी होय. तो चित्रपटाच्या पूर्वींचा असल्यामुळें त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

[२] कथानक. मुंबईंत गिरगांवांतील अमेरिका-इंडिया चित्रगृहांत फाळके यांनीं ख्रिस्तचरित्राचें चित्र पाहिलें. त्याचा काळ कोणी १९१० चा नाताळ, तर कोणी १९११ चा ईस्टर असा देतात. पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभीं राहत होतीं, असें ते स्वतः सांगतात. त्यानंतरचीं त्यांचीं मुख्य चित्रें पाहिलीं, तर ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३), ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ (१९१४), ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हीं सर्व पौराणिक आहेत. याचें कारण केवळ भाविकपणा नव्हे. मूकपटास भाषा नसते. आणि पेशावरापासून मद्रासेपर्यंतच्या प्रेक्षकास न सांगतां समजेल अशी सामाईक गोष्ट पुराणाखेरीज दुसरी नव्हती. ज्याला सबंध देश बाजारपेठ म्हणून पाहिजे होता, त्यानें पुराण निवडावें हें व्यवहारासही धरून होतें. शिवाय फाळके यांचें दाखविण्यासारखें पहिलें काम पौराणिक नव्हतेंच. कुंडींतील वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल कसा वाढतो, याचें एक लहानसें चित्र त्यांनीं भांडवल मिळविण्यासाठीं तयार केलें होतें. पहिली कसोटी अशा रीतीनें पूर्णपणें उतरते; परंतु तिच्यावरच थांबणें योग्य नाहीं.

[३] माणसें. १ फेब्रुवारी १९१२ रोजीं फाळके लंडनला निघाले. तेथें ‘बायोस्कोप’ पत्राचे संपादक कॅबर्न यांनीं त्यांना यंत्रसामुग्रीच्या खरेदींत मदत केली आणि सेसिल हेपवर्थ यांनीं आपला वॉल्टन येथील कारखाना दाखविला. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परत आले. कॅमेरा परदेशी, कोरी फिल्म परदेशी. आणि तें त्यांनीं लपविलेंही नाहीं. कोरी फिल्म तर या देशांत पुढें अर्धें शतक परदेशांतूनच येत राहिली. म्हणूनच त्यांच्या चार कसोट्यांत यंत्राचें व कच्च्या मालाचें नांव नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांचा भर हातांवर होता. कोऱ्या फितीच्या कडांना भोकें पाडणें, चित्रण करणें, फिल्म धुणें, छाप काढणें, जोडणें हीं सर्व कामें दादरच्या राहत्या घरांत झालीं. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई रात्रीं अंधारांत फितीला भोकें पाडीत, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून प्रकाश वळवीत आणि शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हां उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस ती दिली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रेय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. पुढील ‘मोहिनी भस्मासुरां’त मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला यांनीं कामें केलीं.

येथें पहिला चित्रपट कोणाचा, हा वाद आपोआप उभा राहतो. रा. गो. उर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच जागीं ३ मे १९१३ रोजीं. तारखा पाहिल्या तर तोरणे अगोदरचे, यांत शंका नाहीं, आणि त्यांचा मान कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ‘पुंडलिक’ हें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण असून त्याची फिल्म धुण्यासाठीं लंडनला गेली होती. ‘हरिश्चंद्र’ हें चित्रपट म्हणूनच रचलें गेलें आणि येथेंच पुरें झालें. आधी कोण, या प्रश्नाचें उत्तर तारखेवरून एक येतें आणि दुसऱ्या कसोटीवरून दुसरें येतें. दोन्ही उत्तरें आपापल्या जागीं खरीं आहेत. वाद होतो तो प्रश्न न ठरवितां उत्तर देण्यामुळें.

[४] भांडवल आणि मालकी. या दोन कसोट्या फाळके यांनीं एका दमांत सांगितल्या. त्यांची फारकत होऊं शकते, हें तेव्हां त्यांच्या मनांत आलें नसावें. पहिल्या चित्राचें भांडवल म्हणजे विम्याचीं गहाण टाकलेलीं कागदपत्रें आणि पत्नीचे दागिने. तेथें भांडवल व मालकी एकाच घरांत होतीं. चित्रें चाललीं, कारखाना नाशकास गेला. १९१४ सालीं आपलीं चित्रें घेऊन ते पुनः लंडनला गेले. तेथेंच राहून भारतीय चित्रें काढावीं, असें हेपवर्थ यांनीं सुचविलें. फाळके यांनीं नाकारलें. तेथें राहिल्यास कथानक येथलें राहिलें असतें, पण बाकीच्या तिन्ही कसोट्या गेल्या असत्या. या नकारावरून स्वदेशी शब्दाचा त्यांचा अर्थ जितका कळतो, तितका कोणत्याही व्याख्यानावरून कळणार नाहीं.

ते परत आले तों महायुद्ध सुरू झालेलें, पैसेवाल्यांनीं हात आखडलेला. ‘लंकादहना’नें दिवस पालटले. त्याच्या उत्पन्नाचीं नाणीं बैलगाडींतून वाहून न्यावीं लागलीं, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. हिशेबाची वही हातीं येईपर्यंत ती दंतकथेच्याच सदरांत ठेवावी हें बरें. १ जानेवारी १९१८ रोजीं मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारींत ‘हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. आतां भांडवल निःसंशय स्वदेशी, मालक स्वदेशी, माणसें स्वदेशी, कथानकें स्वदेशी. कागदोपत्रीं चारही कसोट्या पुऱ्या. आणि नेमके येथेंच फाळके अडले. खर्चाचा व कामाच्या पद्धतीचा अधिकार कोणाचा, यावरून भागीदारांशीं बेबनाव झाला. छापखान्यांत झालें तेंच पुनः झालें. ते कंपनी सोडून काशीस गेले आणि तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ नांवाचें नाटक लिहिलें. १९२२ च्या सुमारास ते त्याच कंपनींत परत आले, परंतु पूर्वींची सत्ता त्यांना पुनः लाभली नाहीं.

दिवाणबहादुर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं सरकारनें जी चित्रपटसमिति नेमली, तिच्यापुढें फाळके यांचेंही निवेदन आहे. या धंद्याचा पाया १९१२ सालीं आपण घातला, असें ते त्यांत सांगतात. या समितीच्या मुळाशीं अमेरिकन चित्रांस आळा घालून ब्रिटिश साम्राज्यांतील चित्रांस सवलत द्यावी, हा हेतु होता. समितीनें तो न मानतां येथील उद्योगासच उत्तेजन देण्याची शिफारस १९२८ सालीं केली. फाळके ज्या बाजूनें पंधरा वर्षें झगडले, ती बाजू सरकारी कागदांत मान्य झाली. परंतु त्या शिफारशी बहुतांशीं कागदावरच राहिल्या. १९३१ सालीं बोलपट आला. १९३७ सालीं कोल्हापुरास त्यांनीं ‘गंगावतरण’ हा आपला एकुलता बोलपट काढला. आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास, विपन्नावस्थेंत, त्यांचें निधन झालें.

[५] फितींची स्थिति. फाळके यांनीं पंचाण्णव मोठे व सव्वीस लहान चित्रपट काढले, अशी गणती सर्वत्र दिली जाते. त्यांपैकीं थोडेसेच अंश आज पाहतां येतात. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, त्याच्या प्रयत्नानें जें वांचलें तेंच. ‘राजा हरिश्चंद्रा’चा पहिला व शेवटचा भाग तेथें आहे; परंतु फाळके यांनीं हेंच कथानक १९१७ सालीं पुनः चित्रित केलें होतें, आणि उपलब्ध भाग त्या दुसऱ्या चित्राचा असावा, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. आमच्या परिभाषेंत बोलावयाचें, तर अस्सल हरवून त्याच कर्त्याच्या हातची पुढील प्रत शिल्लक राहिली असावी. मजकूर तोच, हात तोच. फरक चार वर्षांच्या अनुभवाचा. तेव्हां १९१३ सालीं फाळके यांना काय साधलें होतें, याचा पुरावा म्हणून ती फीत सावधपणेंच वापरली पाहिजे.

[६] उपसंहार. फाळके यांचें अपयश विदेशी माणसानें केलेलें नाहीं; विदेशी कारखानदारानें तर त्यांना आपला कारखाना दाखविला. भांडवल आपलें असलें म्हणजे कारागीर स्वतंत्र होतो, ही त्या पिढीची समजूत त्यांच्या बाबतींत दोनदां खोटी ठरली. त्यांनीं पांचवी कसोटी लिहिली नाहीं. आपल्या कामावर आपला अधिकार, ही ती होय.

तिचा पूर्ण निर्णय करण्यास भागीदारीपत्रें, कीर्द-खतावण्या, चित्रगृहमालकांशीं झालेला पत्रव्यवहार हीं साधनें पाहिजेत. त्याचप्रमाणें ‘हरिश्चंद्रा’च्या दोन प्रतींचा वाद मिटविण्यास १९१३ व १९१७ सालचीं, फितीची लांबी व प्रवेशांचीं नांवें दिलेलीं हस्तपत्रकें उपयोगी पडतील. असले कागद नाशिक, मुंबई व पुणें येथील जुन्या घरांत, देवीच्या चित्रांच्या आणि पंचांगांच्या गठ्ठ्यांत, असण्याचा पुष्कळ संभव आहे. संग्राहकांनीं मोडी रुमाल सोडतांना मध्येंच निघालेलें असें छापील चिटोरें क्षुद्र समजून बाजूस टाकूं नये. जो मनुष्य एके काळीं इतरांच्या पुराणवस्तूंचीं छायाचित्रें घेत होता, त्याचें स्वतःचें काम आतां पुराणवस्तु झालें आहे. तें जपण्याचें ऋण आमच्याकडे आहे.